पासंग

तुर्भ्याच्या मार्केटात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या मालाचं वजन बोललो.
बोललो म्हणजे गाळ्याच्या पार टोकाला ऐकू जाईल असं :
बावन्न आठशे! एक्कावन्न दोनशे! लिहा!
खारघरला आल्यापासून रोज सकाळी सहाला
माझंच वजन होतं,
आणि ते कुणी मोठ्यानं बोलत नाही.

कागद सव्वीस पानी. मराठीत,
पण कुणा वकिलाच्या मराठीत.
रेहाना मॅडमनी पान न् पान वाचून दाखवलं.
अकराव्या पानावर होतं,
'आपणांस वैयक्तिक लाभ होईलच असे नाही.'
म्हटलं, हे पुन्हा वाचा.
त्यांनी वाचलं.
एवढं स्वच्छ
आमच्या बाजारात कुणी कुणाला बोललेलं
मी तरी ऐकलं नाही. सही केली.

वत्सलानं कोपरखैरण्याला पोचेस्तोवर तोंड उघडलं नाही.
मग कुलपात किल्ली तशीच ठेवून म्हणाली,
पहिल्या तिघांचं काय झालं?

पहिल्या तिघांना थोडं दिलं होतं.
पुढच्या तिघांना त्याहून जास्त.
आम्ही तिसरे तिघं.
दर तिघांनंतर अठ्ठावीस दिवस थांबतात, बघतात,
मग वरच्या मापाला हात घालतात.
इथं मी हिंदुराव नाही, शून्य आठ आहे.
शून्य सात पनवेलच्या एका शाळेतली शिपाईण,
बाकावर बसल्या बसल्या लोकरीचं काहीतरी विणायची.
शून्य नऊचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय.

माझंच रक्त काढलं,
त्यातल्या पांढऱ्या पेशी कुठंशा नेऊन शिकवून आणल्या.
परत आली ती गोठलेली, वाफा सोडणारी
तळहाताएवढी पिशवी.
छटाकभर माल, आणि भोवती सहा माणसं उभी.

रोज एक वाक्य लिहायचं. रोज तेच.
औषध डोक्यात चढलं तर आधी अक्षर सांगतं म्हणे.
मी निवडलं :
आज कांद्याच्या ऐंशी गाड्या आल्या.
मग शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटं यायचं.
शंभर. नव्वद. ऐंशी.
सिस्टरला म्हटलं, आकडा घटवायची सवय नाही हो या तोंडाला.

पाचव्या दिवसाचं पान मी नंतर पाहिलं.
'आज कांद्याच्या' इथपर्यंत मी आहे.
पुढं गांडूळ,
पानाच्या कडेवरून खाली गेलेलं.
मॅडमनी ते फाडलं नाही.
शाईनं तारीख घातली, वेळ घातली, सही केली,
आणि पावती जपावी तसं जपलं.

बापाच्या वेळी हातातला तराजू होता.
रिकामी पारडी सारखी होईनात,
तर हलक्या बाजूला खडा बांधायचे.
तो खडा मालात धरत नाहीत.
त्याचा भाव नाही, पट्टीवर नोंद नाही.
'पासंगालाही पुरायचा नाहीस'
हे मी नव्या पोरांना कितीदा म्हटलं असेन.
बाप मात्र तराजू गुंडाळताना
खडा सोडून खिशात ठेवायचा.
बाकी सगळं गोणपाटात.

शून्य सातचं विचारलं.
मॅडम म्हणाल्या, दुसऱ्याचं सांगता येत नाही, नियम आहे.
आणि सरळच असलेली फाइल
पुन्हा पुन्हा सरळ करत राहिल्या.
वरचं माप उचलायचं, की इथंच थांबायचं,
की एक पायरी खाली,
सोमवारी बसून ठरवणार आहेत.
चौथे तिघं आता कुठं असतील?
एखाद्याला अजून नुसता थकवाच वाटत असेल.

आज विचारलं, वाक्य बदलू का?
मार्केटातून फोन होता, गाड्या साठच आल्यात.
एकतीस वर्षांत खोटा आकडा लिहिला नाही,
आणि इथं रोज.
नाही म्हणाल्या. तेच हवं.
लिहिलं.
ऐंशीचा अनुस्वार जागच्या जागी पडला.
सिस्टरनं कागद उजेडात धरला,
मान हलवली,
आणि गाडा ढकलत पुढच्या खाटेकडं गेली.